कुलूप नसलेली तबकडी

ग्रंथांच्या इतिहासांत ग्रंथकारांस जें स्थान मिळतें, तें नकलकारांस क्वचितच मिळतें. वास्तविक पाहतां छापखाना येईपर्यंत आपल्या देशांत जें जें वाङ्मय टिकलें, तें नकलकारांच्या बोटांनीं टिकविलें. पोथी उतरून झाल्यावर हे लोक शेवटच्या पानावर आपली मान, पाठ व डोळे कसे दुखून आले तें नमूद करीत, आणि तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून पोथीचें रक्षण करा, अशी वाचणाऱ्यास विनंती करीत. विनंती करणाऱ्याचें नांव बहुधा कोणास ठाऊक नसे. पोथी मात्र राहिली. विसावें शतक संपतांना संगीताच्या प्रांतांत अशाच एका अनामिक नकलकारवर्गाचा उदय झाला, आणि पुढील वीस वर्षांत त्याचा जवळजवळ अस्तहि झाला. घरोघरच्या माणसांनीं विकत घेतलेल्या सीडी संगणकांत घालून त्यांवरील गाणीं हार्ड डिस्कवर उतरून घेतलीं आणि खिशांत मावणाऱ्या यंत्रांतून तीं ऐकलीं. हें काम इतकें सामान्य होऊन बसलें होतें कीं, त्यास कांहीं इतिहास असेल असें कोणास वाटलें नाहीं. आमच्या मतें त्यास इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या पोटांत एक प्रश्न आहे: पैसे मोजून घरीं आणलेल्या गाण्याचा धनी कोण? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर अद्यापहि मिळालेलें नाहीं. म्हणूनच हा वृत्तांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या तबकडीचा विचार करूं. हॉलंडमधील फिलिप्स व जपानांतील सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून १९८० सालीं कॉम्पॅक्ट डिस्कचे नियम ठरविले, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत तिची व ती वाजविणाऱ्या यंत्राची विक्री सुरू झाली. सोनीच्या त्या पहिल्या यंत्राची किंमत १ लक्ष ६८ हजार येन होती. युरोप व अमेरिका येथील बाजारांत तें १९८३ सालीं पोंचलें. त्यापूर्वीं घरोघर आवाज ज्या रीतीनें सांठविला जाई, तींत आवाजाची लाट जशीच्या तशी मेणावर किंवा लाखेवर कोरली जाई, अथवा चुंबकीय फितीवर उमटविली जाई. सीडीनें ही रीतच टाकून दिली. लाटेची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजावयाची, प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत लिहावयाचें, डाव्या व उजव्या कानासाठीं तें निराळें लिहावयाचें, आणि हे सर्व अंक १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांच्या एका सर्पिल रांगेंत मांडावयाचे, अशी ही योजना. रांगेच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित् अधिक असतें. लेसरचा किरण त्या रांगेवरून फिरतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीजास्तपणावरून अंक वाचले जातात. सुईचा स्पर्श नसल्यामुळें वाजविण्यानें तबकडी झिजत नाहीं.

या बदलाचा खरा अर्थ नकलेच्या बाबतींत दिसतो. लाटेची प्रत काढली कीं ती मुळापेक्षां थोडी मळकट होई, आणि प्रतीची प्रत आणखी मळकट होई. कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेण्याच्या काळांत ज्यांनीं एखाद्या नाट्यपदाची चौथी-पांचवी नक्कल ऐकली असेल, त्यांस गायकाच्या आवाजापेक्षां फितीची खरखरच अधिक स्मरत असेल. अंकांचें तसें नाहीं. सात हा अंक शंभर वेळां उतरला तरी तो सातच राहतो. जी पहिली प्रत, तीच शंभरावी. संगीताच्या व्यापाऱ्यांस याहून धास्तीची गोष्ट दुसरी कोणती असणार? आणि तरीहि या तबकडीला त्यांनीं कुलूप घातलें नाहीं. गाण्याबरोबर लिहिल्या जाणाऱ्या सूचनांत नक्कल करण्यास अनुज्ञा आहे किंवा नाहीं, एवढें सांगणारी एक खूण तेवढी होती. पण ती दारावरची पाटी झाली, दाराची कडी नव्हे.

कुलूप कां घातलें नाहीं, याचें उत्तर साध्या गणितांत सांपडतें. वरील हिशेबानें एका सेकंदाच्या संगीतास १४ लक्ष ११ हजार २०० द्विमान अंक लागतात. ७४ मिनिटांच्या तबकडीस सुमारें ७८० मेगाबाइट जागा लागते. आतां त्या काळच्या संगणकाकडे पाहा. आयबीएम कंपनीनें मार्च १९८३ मध्यें जो एक्सटी नांवाचा संगणक विक्रीस काढला, त्याची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती, आणि एवढी जागा घरीं असणें ही तेव्हां चैन समजली जाई. तींत सीडीवरील संगीत उतरविलें असतें, तर एका मिनिटाहून थोडें कमीच मावलें असतें. एक सबंध तबकडी उतरून घेण्यासाठीं असे पाऊणशें संगणक ओळीनें मांडावे लागले असते. ज्या गांवांत तिजोरी उचलून नेण्याजोगी गाडीच नाहीं, तेथें तिजोरीला कुलूप नसलें तरी धनी निर्धास्त झोंपतो. सीडीचें वजन हेंच तिचें कुलूप होतें. पुढें १९९६ सालीं चित्रपटांची डीव्हीडी बाजारांत आली, तेव्हां तिजवर मात्र आरंभापासूनच सांकेतिक कुलूप घातलेलें होतें. तोंपर्यंत गांवांत गाडी आली होती.

सीडीचें हें वजन तीन बाजूंनीं उतरत गेलें. पहिली बाजू वाचनाची. या तबकडीवर संगीताऐवजीं कोश, चित्रें व संगणकाचे कार्यक्रमहि ठेवतां येतात हें लौकरच सिद्ध झालें, आणि १९९० नंतरच्या दहा वर्षांत घरगुती संगणकांस सीडी वाचणारे ड्राइव्ह सर्रास बसूं लागले. कोश वाचण्यासाठीं बसविलेला हा ड्राइव्ह संगीताची तबकडीहि वाजवी. आणि पुढें पुढें तर तो आवाज ऐकविण्याऐवजीं तबकडीवरील अंकच सरळ संगणकाच्या स्वाधीन करूं लागला.

दुसरी बाजू जागेची. हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएमच्या रॅमॅक या संगणकाबरोबर आलेल्या पहिल्या डिस्कमध्यें २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर फिरत; सगळ्या यंत्राचें वजन एका टनाच्या वर होतें, आणि त्यांत ५० लक्ष अक्षरें मावत. सीडीच्या मापानें बोलावयाचें, तर त्या अवजड यंत्रांत अर्ध्या मिनिटाचेंहि संगीत मावलें नसतें. एखादी लांब तान घेऊन गायक समेवर येण्यापूर्वींच जागा संपली असती. तेथून पुढें डिस्क लहान होत गेली आणि तिची क्षमता वाढत गेली. १९८८ सालीं फ्रान्समध्यें आल्बेर फेर व जर्मनींत पेटर ग्र्युनबर्ग या शास्त्रज्ञांनीं परस्परांहून स्वतंत्रपणें असें दाखविलें कीं, चुंबकीय धातूंचे अतिशय पातळ थर एकमेकांवर रचले असतां लहानशा चुंबकक्षेत्रानेंहि त्यांचा विद्युत्‌रोध पुष्कळ बदलतो. या शोधामुळें अतिशय बारीक चुंबकीय खुणा वाचणें शक्य झालें. १९९७ सालीं आयबीएमनें त्याचा उपयोग हार्ड डिस्कमध्यें केला, आणि तेवढ्याच जागेंत कितीतरी अधिक माहिती मावूं लागली. २००७ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळालें.

तिसरी बाजू आपल्या कानाची. माणसाच्या कानास जें ऐकूंच येत नाहीं तें लिहून ठेवण्यांत काय हशील, असा प्रश्न ध्वनिशास्त्रज्ञांस पडला होता. मोठा आवाज चालू असतां त्याच्या जवळच्याच स्वराचा बारीक आवाज कान टिपत नाहीं. असे झांकले जाणारे आवाज वगळले अथवा ढोबळ मानानें लिहिले, तर गाणें फारसें न बिघडतां जागा पुष्कळ वांचते. जर्मनींतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं या तत्त्वावर अनेक वर्षें काम केलें. परीक्षेसाठीं त्यांनीं सुझॅन व्हेगा या अमेरिकन गायिकेचें 'टॉम्स डायनर' हें गाणें पुनःपुन्हां वापरलें. तें कोणत्याहि वाद्याच्या साथीवांचून गायिलेलें असल्यामुळें पद्धतींतील लहानसा दोषहि त्यांत लपत नसे. १९९२ सालीं ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांत मंजूर झाली, १९९३ सालीं तें मानक प्रसिद्ध झालें, आणि १४ जुलै १९९५ रोजीं तिच्या फायलींस एमपी-थ्री ही ओळख देण्याचें ठरलें. नेहमींच्या प्रघाताप्रमाणें या पद्धतीनें लिहिलेलें गाणें सीडीवरील मूळ जागेच्या सुमारें अकराव्या हिश्शांत बसे.

या तिन्ही वाटा जेथें एकत्र आल्या, तें ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो. तेथील डिजिटल इक्विपमेंट कंपनीची संशोधनशाळा १९९८ सालीं त्या कंपनीबरोबरच कॉम्पॅककडे गेली, आणि त्याच वर्षीं तेथील संशोधकांनीं एक प्रयोग हातीं घेतला. मांडीवरच्या संगणकासाठीं बनविलेली अडीच इंची हार्ड डिस्क घ्यावयाची, तिला बॅटरी, लहानसा पडदा व कांहीं कळा जोडावयाच्या, आणि घरच्या सीडी तींत उतरवावयाच्या. या यंत्रास त्यांनीं पर्सनल ज्यूकबॉक्स असें नांव दिलें. ज्यूकबॉक्स म्हणजे अमेरिकेंतील खाणावळींत नाणें टाकून आवडीचें गाणें वाजविण्याची पेटी. ती आतां घरची व स्वतःची झाली, असा त्या नांवाचा अर्थ. कॉम्पॅकनें तें यंत्र स्वतः न विकतां दक्षिण कोरियांतील हँगो कंपनीस परवाना दिला, आणि १९९९ च्या अखेरीस तें बाजारांत आलें. त्याची डिस्क ४.८ गिगाबाइटची होती. तींत सुमारें शंभर सीडी मावत. किंमत सुमारें ८०० डॉलर. आदल्या वर्षीं निघालेल्या रिओ नांवाच्या प्लेअरमध्यें हार्ड डिस्क नसून ३२ मेगाबाइटची स्थिर स्मृति होती, आणि तींत फार तर तासभर संगीत बसे. त्या मानानें हें यंत्र म्हणजे कपाटच होतें.

फिरती डिस्क खिशांत घालून चालावयाचें, तर दोन अडचणी येतात: ती वीज फार खाते आणि धक्क्यानें अडखळते. यावर तोड अशी काढण्यांत आली कीं, कांहीं मिनिटांचें संगीत डिस्कवरून एकदम वाचून स्थिर स्मृतींत ठेवावयाचें, डिस्क थांबवावयाची, आणि स्मृति संपत आली कीं ती पुन्हां फिरवावयाची. आडावरून घागर भरून आणली म्हणजे प्रत्येक घोटासाठीं आडावर जावें लागत नाहीं, तसाच हा प्रकार. २००० सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचा ६ गिगाबाइटचा नोमॅड ज्यूकबॉक्स निघाला. २३ ऑक्टोबर २००१ रोजीं ॲपल कंपनीनें आयपॉड जाहीर केला. त्यांत तोशिबाची १.८ इंची, ५ गिगाबाइटची डिस्क होती आणि किंमत ३९९ डॉलर होती. पत्त्यांच्या जोडाएवढ्या त्या वस्तूंत हजार गाणीं मावतात, ही तिची जाहिरात जगभर पोंचली. ज्या माहितीच्या वजनाच्या भरंवशावर सीडी कुलुपावांचून सोडलेली होती, तें वजन वीस वर्षांच्या आंत सदऱ्याच्या खिशांत आलें.

आपल्या संगीताच्या दृष्टीनें या बदलाचें महत्त्व विशेष होतें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जानचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें, तेव्हांपासून जवळजवळ पन्नास वर्षें आमच्या गायकांनीं रागाचा विस्तार तीन-साडेतीन मिनिटांत आंवळून बसविला. पुष्कळांच्या गायकीची आज आपणांस एवढीच ओळख आहे. सीडीनें एका बैठकींतील सबंध ख्याल अखंड ऐकण्याची सोय केली. हार्ड डिस्कनें तर एका गायकाचे आयुष्यभराचे ख्याल एका ठिकाणीं आणले, आणि तरुण गायकाचा मारवा व त्याच्याच उतारवयांतला मारवा लागोपाठ ऐकून ताडून पाहण्याची संधि सामान्य श्रोत्यास मिळाली. पूर्वीं हें भाग्य मोठ्या संग्राहकांसच लाभत असे.

परंतु नक्कल करणें हें बटण दाबण्याइतकें सोपें नव्हतें, हें ज्यांनीं तें काम मन लावून केलें ते जाणतात. पहिली अडचण शुद्धतेची. शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो नकलकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढण्यासाठीं; प्रत करणारा हात चुकतो, आणि त्याची चूक पुढच्या प्रतींत मूळ म्हणून जाते. अंकांच्या नकलेंत चूक होत नाहीं असें आम्हीं वर म्हटलें, पण तें अंक बरोबर वाचले गेले तरच. संगीताची सीडी वाजविण्यासाठीं बनविलेली होती, उतरून घेण्यासाठीं नव्हे. तिचें संगीत सेकंदाच्या पंचाहत्तराव्या हिश्शांच्या तुकड्यांत लिहिलेलें असतें, आणि मध्येंच थांबून पुन्हां वाचूं गेल्यास ड्राइव्ह नेमक्या त्याच जागीं येईल याची खात्री नसते. ओरखड्यामुळें कांहीं अंक मुळींच वाचतां आले नाहींत, तर यंत्र शेजारच्या अंकांवरून अंदाज बांधून वेळ मारून नेतें. ऐकतांना हें खपून जातें. प्रतींत मात्र तो अंदाज कायमचा बसतो. यावर जर्मनींतील आंद्रे वीटहोफ यांनीं एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नांवाचा कार्यक्रम लिहिला. तो प्रत्येक भाग पुनःपुन्हां वाचून जुळवून पाहतो, आणि जेथें मेळ बसत नाहीं तेथें तसें स्पष्ट सांगतो. पुढें निरनिराळ्या देशांतील, परस्परांस न ओळखणाऱ्या माणसांनीं त्याच सीडीच्या काढलेल्या प्रतींशीं आपली प्रत पडताळून पाहण्याचीहि सोय झाली. अनेक प्रती जमवून पाठ ठरविण्याची आपली जुनी रीत येथें नव्या वेषांत पुन्हां अवतरली. २००१ सालीं जोश कोलसन यांनीं फ्लॅक ही पद्धत पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध केली. तींत संगीत निम्म्यासुमारें जागेंत बसतें, आणि एकहि अंक गळत नाहीं.

दुसरी अडचण नांवांची. संगीताच्या सीडीवर गाण्यांचीं नांवें बहुधा लिहिलेलींच नसतात. कितवें गाणें कोठें सुरू होतें एवढीच नोंद असते. नांवें असतात तीं वेष्टनाच्या कागदावर, आणि कागद संगणकांत शिरत नाहीं. १९९० नंतरच्या वर्षांत टी कान व स्टीव्ह शर्फ यांनीं सीडीडीबी नांवाची एक सूची उभारली. गाण्यांच्या लांबीवरून तबकडी ओळखावयाची, आणि आधीं कोणीं तिचीं नांवें लिहून ठेवलीं असतील तर तीं आपोआप भरावयाचीं, अशी तिची रचना होती. ही सूची हजारों श्रोत्यांनीं आपल्या फुरसतीच्या वेळांत, फुकट, टंकून भरली. १९९८ सालीं ती एका कंपनीच्या हातीं गेली, आणि पुढें तिच्या मोकळ्या वापरावर बंधनें आलीं, तेव्हां आपल्या श्रमाचें फळ दुसऱ्याच्या पेढीवर जमा झालें अशी भावना अनेकांची झाली. त्या असंतोषांतून फ्रीडीबी व म्युझिकब्रेन्झ या खुल्या सूची निघाल्या. फ्रीडीबी २०२० सालीं बंद पडली. म्युझिकब्रेन्झनें तें काम पुढें चालविलें.

या सूचींचा सांचा पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्याचा: कलाकार, संच, गाणें. आमचें गाणें त्यांत नीट बसेना. राग कोठें लिहावयाचा? ताल कोठें? विलंबित व द्रुत हीं दोन गाणीं समजावयाचीं कीं एक? तबल्यावर व पेटीवर कोण होतें, हें तर कोठेंच राहिलें नाहीं. एकच गायक 'पंडित', 'पं.' आणि नुसतें नांव अशा तीन ठिकाणीं, शिवाय रोमन लिपीच्या चार वर्णलेखनांत विखुरला जाई. त्यांतच एमपी-थ्रीच्या रचनेमुळें दोन तुकड्यांच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडे. इंग्रजी गीतांत ती खटकत नसेल. परंतु विलंबिताचा तुकडा संपून द्रुत चालू होतांना तबल्याची लय अर्धा श्वास अडखळली, कीं ऐकणाऱ्याच्या मांडीवरचा हात चुकून पडे. आयपॉडनें हा दोष २००६ सालीं दूर केला. तोंपर्यंत चोखंदळ श्रोते सबंध ख्याल एकाच फायलींत उतरून घेत, आणि नांवें स्वतःच्या हातानें, स्वतःच्या पद्धतीनें लिहीत. कोणी रागवार, कोणी घराणेवार, कोणी प्रहरवार मांडणी करी. हा जो घरगुती सूचिकार, त्यास आम्ही नुसता उपभोक्ता म्हणणार नाहीं. तो ग्रंथपाल होता.

आतां कायद्याकडे वळूं. अमेरिकेंत १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं असें ठरविलें होतें कीं, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सोयीच्या वेळीं पाहण्यासाठीं घरच्या यंत्रावर घेऊन ठेवणें हा न्याय्य वापर आहे. १९९२ सालच्या कायद्यानें अंकीय ध्वनिमुद्रण करणाऱ्या घरगुती यंत्रांवर नकलेला आळा घालणारी योजना व एक स्वामित्वशुल्क बसविलें. रिओ प्लेअर निघतांच ध्वनिमुद्रिका-व्यावसायिकांच्या संघानें या कायद्याच्या आधारें खटला भरला. १५ जून १९९९ रोजीं सान फ्रान्सिस्को येथील अपील न्यायालयानें तो फेटाळला. रिओ हें त्या कायद्यांतील मुद्रणयंत्र नव्हे, आणि संगणकाची हार्ड डिस्क त्या कायद्यांत येत नाहीं, असा निर्णय देऊन न्यायालयानें आणखी असें म्हटलें कीं, आपल्याकडे असलेलें गाणें दुसऱ्या जागीं नेऊन ऐकणें हा वैयक्तिक उपयोग असून कायद्याच्या हेतूशीं तो सुसंगतच आहे. कार्यक्रमाची वेळ बदलण्यास १९८४ सालीं जी मान्यता मिळाली होती, तिच्याशीं गाण्याची जागा बदलण्याची ही सांगड होती. हार्ड डिस्कच्या प्लेअरांचा व्यापार या निकालानंतरच निर्धास्तपणें वाढला.

व्यापाऱ्यांनीं मग उशिरानें कुलूप शोधावयास प्रारंभ केला. संगणकांत वाचतां येऊं नये अशा रीतीनें मुद्दाम बिघडविलेल्या सीडी २००२ च्या सुमारास निघाल्या; तेव्हां ज्या फिलिप्स कंपनीनें सीडीचे नियम घडविले, तिनेंच अशा तबकड्यांवर सीडीचें बोधचिन्ह लावण्यास विरोध केला. नियम मोडणारी वस्तु त्या नांवानें विकतां येणार नाहीं, हें म्हणणें रास्तच होतें. २००५ सालीं सोनी-बीएमजीनें आपल्या कांहीं सीडींत असा कार्यक्रम घातला कीं, तबकडी संगणकांत घालतांच तो स्वतःस लपवून आंत ठाण मांडी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं मार्क रुसिनोव्हिच या संगणकतज्ज्ञानें तो उघडकीस आणला. त्याच्या लपण्याच्या आडोशानें दुसरे घातकी कार्यक्रमहि आंत शिरूं शकतात हें दिसून आलें, आणि कंपनीस त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या. येथें गंमत अशी कीं, ज्यानें गाणें चोरून मिळविलें त्याचा संगणक सुरक्षित राहिला. ज्यानें दुकानांत जाऊन पैसे मोजले, त्याच्याच घरांत हा पाहुणा शिरला. प्रामाणिक गिऱ्हाइकास चोर समजण्याचा परिणाम याहून स्पष्ट दाखविणारें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

इंग्लंडांतील कथा तर अधिक विलक्षण आहे. तेथें स्वतःच्या सीडीची स्वतःसाठीं नक्कल करणें कायद्याप्रमाणें निषिद्धच होतें, आणि तरी लक्षावधि लोक ती करीत होते. १ ऑक्टोबर २०१४ रोजीं, म्हणजे पहिली सीडी विकली गेली त्यास बरोबर ३२ वर्षें झालीं त्या दिवशीं, अशी नक्कल विधिसंमत ठरली. पण संगीतकारांच्या संस्थांनीं दाद मागितल्यावरून जुलै २०१५ मध्यें उच्च न्यायालयानें तो नियम रद्द केला. नकलेनें कलावंतांचें नुकसान होत नाहीं, म्हणून भरपाईची गरज नाहीं, असें सरकारनें गृहीत धरलें होतें. तें पुराव्यानें सिद्ध होत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें. कलावंतांची बाजूहि आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. शंभर मित्रांस वांटलेली प्रत आणि स्वतःसाठीं काढलेली प्रत यांत भेद आहे, परंतु यंत्रास तो कळत नाहीं. जर्मनीनें १९६५ सालींच मुद्रणयंत्रांच्या किंमतीवर लहानसा आकार बसवून तें द्रव्य कलावंतांस देण्याची वाट काढली होती. घरच्या माणसास मोकळीक व कलावंतास मोबदला, असा तो मधला मार्ग आहे. आपल्या देशांत १९५७ सालच्या स्वामित्वहक्क-कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन, खासगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठीं केलेल्या न्याय्य वापराची सवलत संगणकीय कार्यक्रम वगळतां सर्व प्रकारच्या कृतींस लागू झाली.

कायदा असा एकेक पाऊल टाकीत असतां व्यवहार पुढें निघून गेला. हार्ड डिस्कचा आयपॉड २०१४ सालीं बंद झाला, आणि २०२२ सालीं आयपॉड हें नांवच बाजारांतून गेलें. आज श्रोता बहुधा गाणें विकत घेत नाहीं. दरमहा वर्गणी भरून ऐकण्याची परवानगी घेतो. सोय मोठी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण कंपन्यांचे आपसांतील करार संपले कीं कालचें गाणें आज नाहींसें होतें, आणि त्याची कैफियत मागण्याचा अधिकार ऐकणाऱ्यास नसतो. माझ्या सीडीची नक्कल मी करूं शकतों काय, या प्रश्नावर जगांतील न्यायालयें तीस वर्षें वाद घालीत राहिलीं. दरम्यान 'माझी सीडी' हेंच पद व्यवहारांतून लुप्त झालें. मालकीचा प्रश्न सुटला नाहीं, मालकीच संपत आली.

म्हणून आमची वाचकांस एक व्यवहाराची सूचना आहे. अनेक घरांत सीडींचे डबे अजून आहेत. त्यांत मोठ्या कंपन्यांच्या तबकड्या आहेत, तशाच लहान प्रकाशकांनीं काढलेल्या, पुन्हां कधीं न निघालेल्या मैफिलीहि आहेत. घरच्या ड्राइव्हवर लिहून ठेवलेले आजीच्या ओव्यांचे व आजोबांच्या कीर्तनाचे आवाजहि आहेत. तबकडी वाजविण्यानें झिजत नसली तरी काळानें झिजते. तिजवरील लाखेचा थर उडाला कीं ॲल्युमिनियमला हवा लागते, आणि घरीं लिहिलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर उष्णतेनें व प्रकाशानें फिका पडतो. तीं वाचणारे ड्राइव्ह तर नव्या संगणकांत येतच नाहींसे झाले आहेत. तेव्हां जोंवर वाचणें शक्य आहे तोंवर या तबकड्या, एकहि अंक न गाळणाऱ्या पद्धतीनें, उतरून घ्याव्या. हार्ड डिस्कहि मर्त्यच आहे. म्हणून प्रत दोन ठिकाणीं ठेवावी. राग, ताल, साथीदार, सन व स्थळ, जें जें ठाऊक असेल तें तें वेष्टनावरून व वडील माणसांस विचारून लिहून ठेवावें. कारण नांव गेलेलें गाणें दोन पिढ्यांनीं अनोळखी होतें. आणि हें काम कोणत्याहि कंपनीच्या भरंवशावर सोडूं नये. बाजारास जें विकावयाचें नाहीं, तें बाजार राखीत नाहीं. तें राखणें घरच्या माणसाकडेच येतें, आणि त्यासाठीं लागणारीं सर्व साधनें आज तरी त्याच्या हातीं आहेत.